तीन अक्षरी नावाचा कौल

आमच्या गावाचं नाव सांगून कुणाला काही उमजणार नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला तिथून चालत जाता येतं, एवढी खूण पुरे. गावात मोठं देऊळ नाही, बारमाही नदी नाही, नाव घ्यावं असं काही पिकतही नाही. पण सुहासिनीबाई आमच्या गावात राहून गेल्या, हे आमच्या घरात अजून छाती काढून सांगतात. माझी आई उषा त्यांनी शिकवलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. आणि ज्याच्यासाठी बाई भर पारावर उभ्या राहिल्या तो कचरू म्हणजे माझ्या आईचा बाप, माझा आजा.

बाई मूळच्या जालन्याच्या. वडील दीनानाथ तिथल्या सरकारी शाळेत हिसाब शिकवायचे. निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेत सगळं उर्दूतून चाले; घरी आले की तेच गणित ते मराठीत लेकीला सांगत. मुलींना शाळेत घालायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती. दीनानाथ भांडण करणाऱ्यातले नव्हते, त्यांनी शाळाच घरात आणली. बाईंची आई रजनी चुलीपाशी बसून दोघांचं ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "पोरीला जेवू द्या, मग पुढचं."

जुन्या गणितात अंकपाश म्हणून एक भाग आहे. वस्तू थोड्या, पण त्या एकापुढे एक किती तऱ्हांनी मांडता येतील, त्याचा हिशेब. दीनानाथांनी तो लेकीला तिच्याच नावावरून शिकवला. सु, हा, सि, नी ही चार अक्षरं अंगणात रांगोळीनं लिहून घेतली आणि विचारलं, "ही उलटीसुलटी करून किती नावं होतील?"

सुहासिनीनं अख्खं अंगण भरून काढलं. हासुसिनी, नीसिहासु, काय काय. दमून ती म्हणाली, "झाली सगळी."

दीनानाथांनी एक नजर टाकली. "एक राहिलं आहे. शोध."

"तुम्ही तर मोजलंसुद्धा नाही, अण्णा!"

"मोजायला कशाला हवं? पहिल्या जागी चौघांतलं कुणीही बसेल. एक बसलं की दुसऱ्या जागेला तीन उरतात, मग दोन, मग एकच. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. तुझी एकेक ओळ सहाची असायला हवी. ती बघ, 'नी'ची ओळ आखूड आहे."

ते राहिलेलं नाव तिनं शोधलं. सगळं न मांडताही सगळं किती आहे हे सांगता येतं, याचा जो आनंद तिला त्या दिवशी झाला तो पुढं जन्मभर तिच्या चेहऱ्यावर दिसायचा, असं आई सांगते. फळ्यावर गणित सुटलं की बाई पोरीबाळींसारख्या टाळी वाजवायच्या.

लग्न झालं श्रीपती मास्तरांशी. शांत माणूस, आवाज बारीक, अक्षर सुंदर. त्यांची बदली आमच्या गावच्या मुलांच्या शाळेवर झाली तशी बाई आल्या. तोवर रजनीबाई वारल्या होत्या आणि अण्णा जालन्यात एकटेच होते. गावात आल्यावर काही दिवसांतच बाईंनी आपल्या ओसरीवर मुलींना बसवायला सुरुवात केली. पाट्या चौघींकडेच होत्या. बाकीच्यांना बाईंनी चिंचोक्यांवर खडूनं अक्षरं काढून दिली. चिंचोके जुळवून पोरी आपलं नाव लावायच्या. कचरू आपल्या लेकीला तिथं सोडायला यायचा, ओसरीखाली उकिडवा बसायचा आणि 'उषा' अशी दोन अक्षरं जुळलेली बघून कामाला जायचा.

कचरू पाटलांच्या घरी सालानं होता. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून तो जन्मल्याबरोबर आईनं त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं कचरू. देवाला वाटावं, हा कचरा आहे, कशाला न्यायचा. तो जगला. मोठा झाल्यावर पाटलांच्या बैलांचं करायचा आणि रोज सकाळी भैरोबाच्या देवळात पाण्याची घागर नेऊन द्यायचा. त्याला वाटायचं, देवानं आपल्याला ठेवलं, तर देवाला आपण पाणी घालावं.

त्या वर्षी चैत्रातल्या यात्रेच्या तोंडावर भैरोबाचं चांदीचं छत्र नाहीसं झालं.

गावात हलकल्लोळ उडाला. ठाण्यावर कळवायचं म्हणजे अख्ख्या गावाच्या जबान्या, महिनाभर कामधंदा सोडून हेलपाटे. ते कुणालाच नको होतं. गावचे पाटील काकासाहेब. कडक माणूस, पण खोटा नव्हता. ते म्हणाले, "गावातलं गावात मिटवू. गाभाऱ्यापर्यंत जाणारी चारच माणसं. पुजारी रामकिसन, झाडलोट करणारी चतुराबाई, पाणी घालणारा कचरू आणि किल्ली ठेवणारा मी. मच्छिंद्रला बोलवा, चौघांच्या नावानं कौल लावा. माझंबी नाव टाका. देव सांगंल ते खरं."

मच्छिंद्र हा गावोगाव फिरून अक्षरकौल लावणारा. त्याच्याकडं लाकडाच्या गोल चकत्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. ज्याच्यावर संशय त्याच्या नावातलं एकेक अक्षर एकेका चकतीवर कोळशानं लिहायचं, चकत्या तांब्याच्या घागरीत टाकायच्या, वरून फडकं बांधून हलवायच्या. मग न बघता एकेक चकती काढून घोंगडीवर ओळीनं ठेवायची. नाव सरळ उमटलं तर तो चोर. नाही उमटलं तर दुसऱ्याचं नाव. चौघांचं झालं, कुणाचंच आलं नाही, तर परत पहिल्यापासून. नाव येईपर्यंत थांबायचं नाही.

सकाळी पारावर सगळं गाव जमलं. पहिल्या फेरीत कुणाचं नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. तिसऱ्या फेरीत कचरूची पाळी आली तेव्हा मच्छिंद्रच्या हातात आधी क आला, मग च, मग रू.

काकासाहेब खाली बघत म्हणाले, "कचरू, बाजाराच्या दिवसापर्यंत छत्र आणून ठेव. न्हाई तर बिस्तरा गुंडाळून गाव सोड."

कचरू उठला. तो घरी जाऊन भिंतीला टेकून बसला. आजी, म्हणजे नंदाबाई, डोळे पुसत श्रीपती मास्तरांच्या घरी गेली. तिच्याबरोबर बाई लगेच निघाल्या.

"कचरूभाऊ," बाईंनी विचारलं, "तुम्ही नेलंत का?"

कचरूनं वर बघितलं. "बाई, मी तर न्हाई नेलं. पण देव म्हणून राह्यला मीच नेलं. देव खोटं कशाला बोलंल? झोपंत उठून गेल्तो का काय, माझं मलाच कळंना झालंय."

"झोपंत?" नंदाबाई रडता रडता उसळली. "ह्या माणसाच्या कानाशी ढोल वाजवला तरी ऊठत न्हाई हा!"

बाईंना हसू आलं नाही. चोरीचा आळ वाईटच, पण हा माणूस स्वतःवरचाच भरवसा घालवून बसला होता, ते त्यांना जास्त लागलं. घरी येताना त्या चालता चालता पुटपुटत होत्या. ओसरीवर आल्यावर त्यांनी चिंचोक्यांची टोपली ओढली. तीन चिंचोक्यांवर क, च, रू लिहिलं आणि मुलींना सांगितलं, "डोळे मिटून काढा बरं एकेक."

मुलींना तो खेळच वाटला. पोरी काढत राहिल्या आणि बाई बघत राहिल्या. थोड्या थोड्या वेळानं कचरू उमटायचा. मग त्यांनी रामकिसनची पाच अक्षरं टाकली. पोरी कंटाळून गेल्या, रामकिसन काही उमटेना.

श्रीपती मास्तर शाळेतून आले तेव्हा बाई खांबाला टेकून शांत बसल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही पारावर जाऊन हे बोला. माझं कोण ऐकणार?"

मास्तरांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "गणित तुझं आहे. मी सांगितलं आणि कुणी मधेच उलटं विचारलं तर मी अडखळेन. तू अडखळणार नाहीस. तूच बोल. मी शेजारी उभा राहतो."

"बाईमाणसानं पारावर?"

"पार मोडणार नाही."

बाईंनी आपण काय करणार तेही त्यांना सांगितलं. त्यात एक धोका होता. मास्तरांनी विचारलं, "आणि ते नाव आलंच नाही तर?"

"तीन अक्षरांचं नाव बारा वेळा काढायला मिळालं, तर नऊपैकी आठदा कधी ना कधी येतंच. नवव्याला माझी फजिती," बाई म्हणाल्या. "तेवढी जोखीम मी घेते. कचरूभाऊंना तर तेवढीसुद्धा सवड कुणी दिली नाही."

बाजाराच्या आदल्या दिवशी मास्तरांनी काकासाहेबांना जाऊन विनंती केली. काकासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मास्तरांबद्दल त्यांना मान होता. सकाळी परत पारावर गाव गोळा झालं. मच्छिंद्र अजून गावातच होता, त्यालाही बोलावलं. बायका देवळाच्या भिंतीच्या आडोशाला उभ्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत बाई पुढं आल्या, तशी कुजबुज सुरू झाली.

काकासाहेब म्हणाले, "बोला मास्तरीणबाई. पण देवाबद्दल येडंवाकडं बिलकुल नको."

"देवाबद्दल मी काहीच बोलणार नाही," बाई म्हणाल्या. आई सांगते, पहिल्या दोन वाक्यांना त्यांचा आवाज कापत होता, मग नाही. "मच्छिंद्रभाऊंचा हातही साफ आहे. त्यांनी काही लबाडी केलेली नाही. मी नावांबद्दल बोलणार आहे."

त्यांनी सहा मुलींना हाताला धरून एका ओळीत उभं केलं. प्रत्येकीच्या हातात पाटी; कमी पडलेल्या दोन मास्तरांनी मुलांच्या शाळेतून आणल्या होत्या. एकीच्या पाटीवर कचरू, दुसरीच्या करूच, मग चकरू, चरूक, रूकच आणि रूचक.

"तीन चकत्या घागरीतून काढल्या तर या सहांपैकीच काहीतरी निघतं. सातवं काही निघूच शकत नाही. कुणाला सातवं सापडलं तर सांगा."

दोनचार जण बोटांवर जुळवायला लागले. तुळजाबाई नावाची एक म्हातारी लिहिणं-वाचणं न येताही पुढं आली, पाट्यांवरच्या आकृत्या निरखून म्हणाली, "बराबर हाय. सातवी न्हाई."

"म्हणजे कचरूभाऊंचं नाव सहातून एकदा येणारच. आता रामकिसनांचं नाव घ्या. रा, म, कि, स, न. पहिल्या जागी पाचांतलं कुणीही. मग चार, मग तीन, मग दोन, मग एक. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ, साठ दुणे एकशे वीस. रामकिसन हे नाव एकशेवीसातून एकदा येणार. चतुराबाईंचंही तसंच, पाच अक्षरं. काकासाहेबांच्या नावात 'का' दोनदा आहे. पहिला का आधी आला काय, दुसरा आधी आला काय, वाचताना एकच. म्हणून त्यांचं निम्मं, साठातून एकदा."

लोक पुढं सरकले. कळत होतं असं नाही, पण काहीतरी कळायच्या बेतात आहे हे जाणवत होतं.

"आता असं समजा," बाई पुढं म्हणाल्या, "अशी सहा गावं आहेत. सहाही गावांत हेच चौघे, सहाही ठिकाणी असाच कौल लागला. चोरी कुठं कुणीही केलेली असो. मी हिशेब केला आहे. त्या सहा गावांतल्या पाच गावांत कचरूच चोर ठरणार. उरलेल्या एका गावात बाकीचे तिघे मिळून एखादा. का? कारण त्याचं नाव लहान आहे. रामकिसनांची पाच अक्षरं, चतुराबाईंच्या नावाला बाई, पाटलांच्या नावाला साहेब. कचरूला आपण कुणी काही लावलंच नाही. तीन अक्षरांत भागवलं."

रामकिसन पुजारी खाली मान घालून उभा होता. काकासाहेब मात्र हलले नाहीत.

"मास्तरीणबाई, तुमचा हिशेब माणसाच्या हाताला लागू," ते म्हणाले. "देवाच्या हाताला हिशेब कसा लागंल? देवानं ठरवलं तर एकशेवीसातलंबी येईल आन् सहातलं येणारबी न्हाई."

हा प्रश्न येणार हे बाईंनी धरलेलंच होतं.

"खरं आहे. मग देवालाच विचारू. जिनं छत्र नेलेलं नाही हे पक्कं माहीत आहे अशा एका बाईचं नाव टाकू. देव चकत्या हलवत असेल तर ते नाव येणारच नाही. बारा वेळा काढा. आलं नाही तर मी हिशेब मागं घेते आणि इथं पुन्हा उभी राहणार नाही."

"कुणाचं नाव?"

"रजनी."

मच्छिंद्रनं कोळशानं र, ज, नी लिहिलं. घागर हलवली. पहिल्यांदा नी आधी आला. दुसऱ्यांदा ज. मग परत नी. मास्तर बाईंच्या शेजारी उभे होते. त्यांनी हात मागं बांधून घट्ट धरले होते. अजून दोनदा काढलं, नाव आलं नाही. मागून कुणीतरी हसलं. मच्छिंद्रनं फडकं बांधून परत घागर हलवली.

र. ज. त्यानं तिसरी चकती काढली आणि घोंगडीवर ठेवायच्या आधीच हातातली बघून तो थांबला. मग हळूच ठेवली. नी.

"रजनी माझी आई," सुहासिनीबाई म्हणाल्या. "जालन्याला होती. या गावात तिनं कधी पाय ठेवला नाही. छत्र गेलं त्याच्या कितीतरी वर्षं आधी ती वारली. कौल म्हणतो ती चोर आहे. धरा तिला."

देवळाच्या आडोशाला उभ्या बायकांत कुणीतरी हुंदका दिला. काकासाहेब दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. बाईंनी एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. पण तुळजाबाई थांबली नाही. ती काकासाहेबांपेक्षा वयानं मोठी, त्यांना अंगाखांद्यावर खेळवलेली.

"भुजंगा," ती म्हणाली, "तुला पाळण्यात घालताना मी व्हते. तुझं नाव भुजंग ठिवलं. काकासाहेब मागून झाला तू. ती बाई म्हणती ते खरं असंल तर तुझीबी तीनच अक्षरं हैत."

पाटलांना त्यांच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. काकासाहेबांनी पटका काढला, मांडीवर ठेवला.

"टाका," ते मच्छिंद्रला म्हणाले. "भुजंग म्हणून टाका."

मच्छिंद्रनं घागर हलवली. पहिली चकती निघाली भु.

पाटलांच्या कपाळावर घाम आला. ते एकटक घागरीकडं बघत होते. चोरी आपण केली नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी आई सांगते, त्यांचा चेहरा त्या घटकेला हुबेहूब कचरूच्या चेहऱ्यासारखा झाला होता. दुसरी चकती निघाली. ग.

आता भुजंग उमटणार नव्हता. काकासाहेब उठले.

"बस. समजलं मला." त्यांनी कचरूला शोधलं. तो गर्दीच्या पार मागं बसला होता. पाटील लोकांमधून चालत त्याच्यापर्यंत गेले. "कचरूबा, मला एका चकतीत घाम फुटला. तुम्हाला तर तिन्ही सोसाव्या लागल्या. उद्या कामावर या."

सालगड्याला पाटलानं बा म्हणून, अहोजाहो करून हाक मारलेली गावानं पहिल्यांदा ऐकली. कचरू उठून उभा राहिला, पण पाय धरायला वाकला नाही. माझ्या आईला याचा फार अभिमान आहे. तो म्हणाला, "येतो, पाटील. मी न्हाई नेलं." एवढं बोलला आणि सरळ चालत देवळात गेला. कौल लागला त्या दिवसापासून देवाला पडलेला पाण्याचा खाडा त्यानं घागर भरून मोडला.

मच्छिंद्र मात्र घोंगडीवरच बसून होता. बाई जवळ गेल्या तेव्हा तो म्हणाला, "बाई, म्या हात कधी राखला न्हाई. देवाची शपथ."

"मला माहीत आहे, भाऊ."

"आजवर कौल लावले त्यातली नावं आठवून राह्यलो." त्यानं बोटं मोडायला सुरुवात केली. "धोंडी. सखू. गंगू. एक बापू व्हता, लई रडला..." मग तो थांबला. सगळी दोनदोन अक्षरांची नावं. बाईंनी त्याला पुढं काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मच्छिंद्रनं फडकं गुंडाळलं, घागर खांद्यावर घेतली आणि चकत्या तिथंच ठेवून तो गेला. परत कुठं त्यानं कौल लावल्याचं ऐकिवात नाही. धोंडीच्या गावाला तो गेला होता, एवढं मात्र बाजारात कुणीतरी सांगितलं.

छत्र कुणी नेलं ते आजतागायत कळलेलं नाही. गावानं पुढल्या यात्रेला दुसरं केलं. लोक बाईंना विचारायचे, एवढा हिशेब येतो तर चोर सांगा की. बाई म्हणायच्या, "चोर कोण ते मला माहीत नाही. कौलातून ते कळत नाही, एवढंच माहीत आहे."

ही हकिगत जालन्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पावसाळ्याच्या आधी दीनानाथ लेकीला भेटायला आले, बैलगाडीतून, धुळीनं माखून. कचरूच त्यांना आणायला गेला होता आणि वाटेत त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. अण्णा ओसरीवर पाणी पिऊन बसले. मग म्हणाले, "आईचं नाव टाकलंस?"

"हो." बाई घाबरल्या होत्या. मेलेल्या आईवर भर गावात आळ घेतला, हे वडिलांना कसं लागेल हे त्यांना कळत नव्हतं. "पक्की निर्दोष अशी दुसरी कुणी मला आठवली नाही, अण्णा."

दीनानाथ हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "तुझ्या आईला आयुष्यात कुणी कधी काही विचारलं नाही. पोरीचं जेवण थंड होतंय, एवढंच बोलायची ती. आणि आज तिच्या नावानं एक माणूस सुटला." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बारा वेळा मागितलंस म्हणे. कितव्यांदा आलं?"

"सहाव्यांदा."

"घाई नाही, उशीरही नाही. अगदी तिच्यासारखं," अण्णा म्हणाले.

ते आठवडाभर राहिले. रोज सकाळी मुलींच्या वर्गात मागं बसायचे. जाताना नंदाबाईनं त्यांना हरभऱ्याची डाळ बांधून दिली. त्यांनी नको म्हटलं नाही.

त्यानंतर बाईंच्या ओसरीवर मुली मावेनाशा झाल्या. काकासाहेबांनी चावडीमागची खोली दिली आणि स्वतःच्या दोन नाती पाठवल्या. लोक आपल्या लेकींना आपण होऊन आणून सोडायला लागले. शिकून काय होतं ते गावानं पारावर बघितलं होतं. सरकारातून त्या वर्गाला मान्यता नव्हती, पगार नव्हता. बाईंनी कधी त्याची वाट बघितली नाही. मच्छिंद्रच्या चकत्यांवर त्या मुलींना मांडण्या शिकवायच्या आणि पोरी आपापल्या नावांचे हिशेब करत हसायच्या. द्वारकाबाई नावाची एक मुलगी होती, तिला स्वतःच्या पाच अक्षरी नावाचा फार गर्व वाटायचा.

पुढं बऱ्याच वर्षांनी, रझाकारांच्या दिवसांत, आसपासच्या कितीतरी शाळा बंद पडल्या. रस्त्यानं जायची भीती होती. चावडीमागची खोली मात्र बंद झाली नाही. बाई दार लावून घ्यायच्या आणि मुली हळू आवाजात पाढे म्हणायच्या. मास्तर बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे. आई म्हणते, त्या वर्षात ती हळू आवाजात एकोणतीसचा पाढा शिकली आणि तो तिला अजूनही मोठ्यानं म्हणताच येत नाही.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात फौजा आल्या, निजामी संपली. दिवाळीनंतर तालुक्याहून माणूस येऊन वर्ग बघून गेला आणि मुलींची शाळा रीतसर सुरू झाली. दुसरी शिक्षिका हवी म्हणाले. बाईंनी माझ्या आईचं नाव दिलं. कचरूबा त्या दिवशी नवं धोतर नेसून लेकीबरोबर शाळेच्या दारापर्यंत आला, आणि तालुक्याच्या माणसानं "हे कोण?" विचारल्यावर म्हणाला, "मी नव्या बाईंचा बाप."

पहिला तास गणिताचा होता. सुहासिनीबाई सगळ्यात मागं, मुलींच्या ओळीत मांडी घालून बसल्या. आईनं फळ्यावर गणित मांडलं आणि अर्ध्यावर ती अडकली. आईनं मागं बघितलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. आईनं फळा पुसला, खडू बदलला आणि गणित पहिल्या ओळीपासून परत मांडायला घेतलं.